कठड्यावरच्या सात कुंड्या

"आजी, पाय जरा वर घ्या," मिस्त्री म्हणाला आणि मी घेतले. तेवढंच झालं. त्याची पत्र्याची टेप माझ्या खुर्चीखालून सळसळत गेली, भिंतीला टेकली, त्यानं आकडा पुटपुटला आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलानं तो मोबाइलमध्ये टिपून घेतला. टेप करकरत परत डबीत शिरली तरी माझे पाय वरच होते, कारण खाली सोडा असं कुणी म्हणालं नव्हतं. हे माझ्या जरा उशिरानंच ध्यानात आलं. सत्तरी उलटलेली बाई मी. एकतीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत काढलेली, जिच्या एका हाकेला वाफेच्या भट्टीपलीकडच्या बायका वळून बघायच्या. आणि मी एका परक्या माणसाच्या शब्दावर पाय उचलून बसले होते, झाडू मारताना लहान पोरांना सोफ्यावर चढवतात तशी. "कसलं माप?" मी विचारलं. "गॅलरी बंद करून घेतोय, आई," मुलगा म्हणाला. "काचा लावतो, टेबल टाकतो. घरून काम करायला मला कोपरा नाही. तू हॉलमध्ये बस की पंख्याखाली. टीव्ही आहे." तो वाईट नाही. मी वाढवलाय, वाईट कसा निघेल. पण त्यानं हे सांगितलं तेही मोबाइलकडे बघत, जणू खुर्ची, मी आणि कपडे वाळत घालायचा स्टँड, तिन्ही एकाच यादीत होतो आणि तिन्ही हॉलमध्ये जायचे होते.

चार पावलं लांब, दीड पाऊल रुंद, एवढी ती गॅलरी. तीन वर्षांपूर्वी या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा मला खोली मिळाली नाही, मी मागितलीही नाही. हॉलमधला पलंग दिवसा पाहुण्यांचा आणि रात्री माझा. कपाटात एक कप्पा. पण गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की घराकडे पाठ करता यायची, आणि माझ्या वयाच्या बाईला दिवसातून दोन तास घराकडे पाठ करता आली नाही तर ती घरातल्यांच्या जिवावर उठते, हे मी माझ्या सासूवरून सांगते. तर मिस्त्री टेप खिशात घालत होता आणि मी म्हणाले, "इथे मी बाग करणार आहे." तोंडातून निघून गेलं. माझं तोंड माझ्या आधी उठतं आणि माझ्यानंतर झोपतं. मुलगा हसला. "आई, तू जन्मात एक झाड लावलं नाहीस." खरं होतं. आयुष्यभर मी दोऱ्या लावल्या, कपडे वाळत घालायला. मातीशी माझा संबंध डाग म्हणूनच आला. "म्हणून काय झालं," मी म्हणाले. तो मिस्त्रीकडे बघून, एक डोळा बारीक करून म्हणाला, "बरं. याचंही दुसरीकडे काम चाललंय, तीन महिने काही हा यायचा नाही. तीन महिन्यांत या गॅलरीतलं काही आपल्या ताटात आलं, तर गॅलरी तुझी. नाही तर काचा." लहान असताना हट्ट केला की मी त्याला अशाच अटी घालायची, न होणाऱ्या. माझंच हत्यार, धार लावून मला परत केलं त्यानं.

माझी सून बोलत नाही, ती नोंद घेते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं चार कागद छापून आणले. वर मोठ्या अक्षरात होतं, 'नवशिक्यांसाठी घरची बाग'. ती वाचायला लागली, पहिलं हे बघा. मी कागद काढून घेतला आणि म्हणाले, "मला वाचता येतं." दुसरी इयत्ता झालीय माझी. अक्षरं मला जुन्या वस्तीतल्या माणसांसारखी दिसतात, चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवायला वेळ लागतो. त्या पहिल्या शब्दावरच माझं बोट अडलं. नवशिकी मी शेवटची कधी होते? एकोणिसाव्या वर्षी, लाँड्रीतल्या पहिल्या दिवशी. दारातून आत गेले तर वाफेत कुणाचा चेहराच दिसेना, नुसते कोपरापर्यंतचे लाल हात हलत होते. मुकादमानं मला धुतलेल्या चादरींच्या ढिगापाशी उभं केलं. महिनाभरात घडी घालायला शिकले, दोन महिन्यांत पिळायला, आणि तिसऱ्या महिन्यात एका गंजक्या पाइपाखाली माझा गठ्ठा राहिला. एक थेंब पडला असेल, फार तर दोन. मुकादमानं ती चादर साठ बायकांसमोर उलगडून धरली, मधोमध तांबूस ठिपका, आणि विचारलं, "हे कुणाच्या हातचं?" मी एक पाऊल पुढे गेले. एवढंच. पगार कापला नाही, शिवी दिली नाही. पण ती साठ तोंडं माझ्याकडे वळली त्याचा ऊबट वारा अजून माझ्या मानेला लागतो, आणि त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे माझ्या हातून निघालेलं काहीही उलगडून धरलं तरी कुणाला बोट ठेवायला जागा मिळणार नाही. नवशिकेपण मी त्याच दिवशी संपवलं होतं. ते पन्नास वर्षांनी चार कागदांवर छापून पुन्हा दारात आलं.

तर बाग. सूनबाईनं नर्सरीतून सात कुंड्या, मातीची पोती, रोपं आणि बी आणलं. दोन टोमॅटोची, दोन मिरचीची, एका कुंडीत कोथिंबीर, एकीत मेथी, एकीत पुदिना. ऊन गॅलरीत कुठून कुठे जातं ते दिवसभर बसून बघा, असं कागदात होतं. बसायचं काम मला चांगलं जमतं. ऊन आत येतच नव्हतं. ते कठड्यापर्यंत यायचं, सकाळी तीनेक तास तिथेच रेंगाळायचं आणि दारात उभ्या राहिलेल्या नको असलेल्या पाहुण्यासारखं परत जायचं. म्हणजे कुंड्या कठड्यावर. कठडा वीतभर रुंद, पलीकडे हवा, आणि त्या हवेत, बरोबर एक मजला खाली, मास्तरीणबाईंची दोरी.

त्या दोरीचं सांगितलं पाहिजे. मी या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात गॅलरी धुतली होती. धुण्यात माझा हात सैल आहे, पाणी कठड्याच्या खालच्या फटीतून गेलं. खालून आवाज आला, "वर माणसं राहतात की कोण?" वाकून बघितलं तर शाळेतून निवृत्त झालेली एक वाळकी बाई चादर दोन्ही हातांनी उलगडून वर धरून उभी, मधोमध मातकट ओघळ. तिला काय ठाऊक की ती मला नेमकं काय दाखवत होती. मी बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही म्हणजे काय ते समजून घ्या. तीन वर्षं मी जिन्यात तिच्याकडे बघितलं नाही आणि त्या गॅलरीतून एक थेंब खाली जाऊ दिला नाही. फरशी मी ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं आत आणून पिळायची.

म्हणून कुंड्या आल्या त्याच संध्याकाळी मी त्या एकेक उलट्या केल्या. प्रत्येकीच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक. मला हसू आलं. पाणी घालायच्या भांड्याला खाली भोक, कुणी बिनडोक माणसानं घडवलं असणार. नळाच्या गळतीला लावतात तो राखाडी लगदा घरात होता. मी तो मळला, सातही भोकं बुजवली, अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केली, रात्रभर वाळू दिली. सकाळी पाणी भरून तपासलं. टिपूसही नाही. असं समाधान मला निवृत्तीनंतर झालं नव्हतं. मग माती भरली, तीही चाळणीनं चाळून, खडा न् काडी काढून, पिठासारखी. रोपं एका ओळीत, इस्पितळातल्या खाटांसारखी. आणि पाणी. कागदात म्हटलं होतं की बोट दोन पेरं मातीत घालावं आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. मी रोज बोट घालायची. आता माझी बोटं सोड्यानं खाल्लेली. तापलेल्या भांड्याचं झाकण मी फडकं न घेता उचलते आणि सून दचकते. मातीत बोट घातलं की मला काही लागायचं नाही, ना गार, ना ओलं. काही लागलं नाही म्हणजे कोरडं, असा हिशोब मी केला. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर, आणि जाता येता अर्धा, माया म्हणून.

आठ दिवस सगळं हिरवं होतं. मुलगा जेवताना विचारायचा, "काय बागायतदार, पीक कसं आहे?" मी म्हणायची, "तोंड बंद ठेव, दृष्ट लागेल." पंधराव्या दिवशी टोमॅटोची खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहान. पाणी वाढवलं. कोथिंबीर उगवली तशी आडवी झाली. मेथीनं मान टाकली. महिना संपला तेव्हा पुदिना, जो म्हणे गटाराकडेलाही वाढतो, तोसुद्धा काळा पडला होता, आणि मी खुर्चीत बसून त्या सात मेलेल्या खाटांकडे बघत होते. दुपारची वेळ, घरात कुणी नाही, लिफ्टचा आवाज वर जातो आणि खाली येतो. मनात मी हॉलमधल्या पंख्याखाली बसून बघितलं. पाठीला भिंत, समोर टीव्ही, डावीकडे काचा, काचेआड मुलाचं डोकं, कानाला यंत्र लावलेलं, हलणारं, आणि मी त्याला दिसायला नको म्हणून पदर सारखा करत बसलेली. असं माणूस किती वर्षं बसू शकतं? माझी आई ब्याण्णव वर्षं जगली.

मग वारा पडला आणि वास आला. आंबूस, कुबट, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. हा वास मी ओळखते, असं माझं अंग म्हणालं, डोकं नंतर आलं. रविवारी लाँड्री बंद असायची. शनिवारी कुणी आळस करून ओला गठ्ठा तसाच दडपून ठेवला की सोमवारी दार उघडताच हा वास यायचा. वरून बघावं तर चादर कोरडी, खटखटीत. हात आत घातला की मधे सगळं सडलेलं. मी उठले. टोमॅटोची कुंडी दोन्ही हातांनी कठड्यावरून उचलली आणि मनगटांनी मला सांगितलं. बोटं मेलीत माझी, पण मनगटं जिवंत आहेत. एकतीस वर्षं मी गठ्ठा उचलून सांगत आले की यात किती पाणी आहे, वाळवायला घ्यायचा की पुन्हा पिळायचा, आणि एकदाही चुकले नाही. ही कुंडी पिळायच्या आधीची होती.

सून कामावरून आली तेव्हा मी सातही कुंड्या गॅलरीत उलट्या करून बसले होते, चिखलात. ती चप्पल न काढता तशीच वाकली. "हे काय लावलंय खाली?"

"लगदा."

"सगळ्यांना?"

"मी काम अर्धवट करत नाही."

तिनं एका कुंडीच्या बुडावरून बोट फिरवलं, बराच वेळ. ती हसते की काय म्हणून मी वाट बघत होते. हसली असती तर पुढचे सहा महिने मी तिच्याशी बोलले नसते. "पहिल्या कागदावर पहिलीच ओळ होती, आई," ती म्हणाली. "पाण्याला खालून वाट हवी. मी तिथवर वाचलं आणि तुम्ही कागद काढून घेतलात."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. खाली मास्तरीणबाईंच्या चादरी असतात."

ती चिखलातच बसली, ऑफिसच्या कपड्यांत. मग म्हणाली, "एवढं पक्कं प्लंबरलाही बुजवता येत नाही. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, तेवढं बघा." आणि आम्ही दोघीही हसलो, आवाज न करता, खांदे हलवत. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिचा पुढचा दात थोडा तिरका आहे हे मला तेव्हा दिसलं.

भोकं मी स्क्रूड्रायव्हरनं मोकळी केली. लगदा निघताना हात दुखत होता आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. नवरा गेला तेव्हा बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. मी तीन दिवस घरातल्या सगळ्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते. तेव्हा मला वाटलं होतं की हे बळ आहे. असेलही. भोकं मोकळी झाली, आणि आता कुंड्यांखाली थाळ्या ठेवून बघितल्या तर कठड्यावर बसेनात. आत ठेवावं तर ऊन नाही. म्हणजे पाणी खालीच जाणार. एकच मार्ग उरला, अठरा पायऱ्यांचा. त्या अठरा पायऱ्या उतरायला मला दोन दिवस लागले. एकदा चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि कचरा टाकून परत आले. दुसऱ्यांदा वाटलं, काचा तर काचा, एवढं काय. तेव्हाच आतून मुलाचा आवाज आला, कुणाला तरी फोनवर सांगत होता, "टेबल पाच फुटी बसेल, आरामात." मी उतरले.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर, हातात सुई. "वरच्या तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो. वर माणसंच राहतात."

त्यांनी चष्मा खाली ओढला. "हे तीन वर्षं तोंडात धरून बसला होतात?"

"दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती."

ओठाचा एक कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. मास्तरणींना ते बरोबर जमतं. मी म्हणाले, "कठड्यावर कुंड्या ठेवायच्यात. खाली भोकं आहेत. मातीचं पाणी गळणार, तुमच्या दोरीवर."

"म्हणजे परवानगी मागताय."

माझे कान तापले. मानेवर तो ऊबट वारा आला. मला म्हणायचं होतं, सांगायला आलेय. जीभ तिथवर गेलीही होती. "विचारायला आलेय," मी म्हणाले. आणि काही झालं नाही. जिना जागेवर होता, बाई जागेवर होती, मीही.

"पाणी किती वाजता घालता?"

"सकाळी सहाला."

"सहाला माझे कपडे दोरीवर असतात. साडेपाच. आणि रोज साडेपाच, एक दिवस पाच आणि एक दिवस सात असं चालणार नाही."

"एकतीस वर्षांत मी पाळीला एकदाही उशिरा गेले नाही."

"बघू."

"बघा. आणि डाग पडलाच तर कपडा वर पाठवा. डाग कसा काढायचा हे या इमारतीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही."

त्या आत वळता वळता थांबल्या. "गंजाचा निघतो?"

"लिंबू आणि मीठ लावून उन्हात. पण घासायचं नाही, वाट बघायची." हे मला त्या मुकादमानं शिकवलं होतं, त्याच संध्याकाळी, सगळ्या गेल्यावर. हे मी इतकी वर्षं विसरले होते. चादर उलगडून धरलेली तेवढी लक्षात ठेवली होती.

मग सूनबाईनं नवी रोपं आणि बी आणलं आणि मी शिकले. नवशिकी म्हणा, काही म्हणा. सूनबाई वाचायची, मी ऐकायची आणि मधे तोंड घालायची नाही, निदान पान संपेपर्यंत. भोकावर खापरीचा तुकडा. माती चाळायची नाही, उलट तिच्यात काडीकचरा, वाळला पाला, थोडी वाळू, म्हणजे ती श्वास घेते. एका कुंडीत चार रोपं कोंबायची नाहीत. पान पिवळं पडलं की घाबरून पाणी ओतायचं नाही, आधी कारण बघायचं. पण पाण्याचं मात्र मी कागदाला विचारलं नाही. रोज पहाटे साडेपाचला मी एकेक कुंडी उचलायची. हलकी असेल तिला पाणी, जड असेल तिला उद्या. खालून पाणी ठिबकायला लागलं की थांबायचं. खालच्या गॅलरीत मास्तरीणबाई हाताची घडी घालून उभ्या असायच्या, वर बघत. "चार मिनिटं उशीर," एकदा त्या म्हणाल्या. "तुमचं घड्याळ पुढे आहे," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ दुकानातून तपासून आणलं. चार मिनिटं पुढे होतं. तसं त्यांनी जिन्यात थांबून सांगितलं, सगळ्यांसमोर. मास्तरीण असावी तर अशी.

आणि ते उगवलं. कसं सांगू. मेथी चौथ्या दिवशी मातीला ढकलून वर आली, डोक्यावर बियांची टरफलं घेऊन, पाटी घेऊन निघालेल्या मजुरांसारखी. कोथिंबिरीनं पंधरा दिवस माझा अंत बघितला आणि मग एका सकाळी सगळी एकदम उभी. मिरचीला पांढरी फुलं, खाली मान घातलेली. टोमॅटोची फुलं पिवळी, आणि ती गळतायत म्हणून मी धसकले, तर गळलेल्या फुलामागे वाटाण्याएवढी हिरवी गाठ. मी ती बोटानं नाही, ओठानं बघितली. गार होती. पाचव्या आठवड्यात मेथीची जुडी खुडून, शिजवून मी मुलाच्या ताटात वाढली आणि काही बोलले नाही. त्यानं खाल्ली, पुन्हा मागितली, आणि दुसऱ्या वाढणीच्या मध्यावर घास तोंडात तसाच ठेवून त्यानं बायकोकडे बघितलं. "विकतची," तो म्हणाला. "नाही," ती म्हणाली. आम्ही दोघी जेवत राहिलो. "एक जुडी म्हणजे बाग नाही, आई." मी म्हणाले, "बरोबर आहे." त्या आठवड्यात कोथिंबीर गेली ताटात, मग पुदिना, मग मिरची, अशी तिखट की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मला हातानंच पुरे, पुरे करत होता. मला त्यात फार आनंद झाला, तो मी लपवला नाही.

मिस्त्री यायचा होता त्याच्या आदल्या रविवारी सकाळी मुलगा गॅलरीत आला. पहिला टोमॅटो लाल झाला होता. तो मी अजून तोडला नव्हता, मुलाला बघू द्यायचा होता. मुलगा दारात उभा राहिला कारण पुढे जागा नव्हती. मिरच्या कठड्याबाहेर झुकलेल्या, पुदिना कुंडी सोडून खाली लोंबणारा, टोमॅटो काठ्यांना बांधलेले, माझ्याएवढे उंच. मग त्यानं मिस्त्रीला फोन लावला. "नको, येऊ नका. नाही, दुसरा नाही बघितला. नाहीच करायचं." फोन खिशात ठेवून तो म्हणाला, "बरं आई, राहू दे तुझी बाग." राहू दे. जणू त्याच्या खिशातली होती आणि त्यानं मला दिली. मी उठून उभी राहिले. "तुझं टेबल हॉलमध्ये पलंगाच्या जागी बसेल," मी म्हणाले. "पलंग भिंतीकडे सरकव. मी माप घेतलंय, वितीनं. सहा फुटी बसतं. दिवसा मी इथे असते, तुला कुणाचा त्रास नाही." त्याचं तोंड उघडं राहिलं. "आणि साडेपाचला मला रोज इतकी वजनं उचलवत नाहीत. उद्यापासून तू उचलायचीस. चल, शीक."

"पाणी घालायला काय शिकायचं?"

"ती मधली घे. दोन्ही हातांनी. बुडाला धर."

त्यानं टोमॅटोची कुंडी उचलून छातीशी धरली. पानं त्याच्या चष्म्यात गेली, लाल टोमॅटो हनुवटीखाली. "आता?"

"सांग. पाणी हवंय की नकोय?"

"मला काय माहीत?"

"खाली ठेवू नकोस. कळेल."

खालून मास्तरीणबाईंनी विचारलं, "कोण आहे?" "नवशिका आहे," मी सांगितलं. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. रविवारीही त्याच्या ऑफिसला चैन नसतं. हात दोन्ही गुंतलेले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आठ वर्षांचा असताना बघायचा तसं. "वाजू दे," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले. फोन वाजून वाजून थांबला. त्यानं डोळे मिटले होते, मनगटं थोडी वरखाली करत होता.

"हलकी वाटतेय," तो म्हणाला, भीत भीत.

हलकीच होती. पण मी त्याला थोडा वेळ तसाच उभा ठेवला.